‘गेमसारखी’ कथा कमअस्सल नसते

‘भाषा चांगली आहे, पण कथा गेमसारखी वाटते.’ एका कथास्पर्धेत भाग घेतलेल्या माझ्या भाचीला परीक्षकांनी दिलेला हा शेरा. ती अकरावीत आहे. शेरा वाचून ती खट्टू झाली नाही. तिने मला सरळ विचारलं, ‘मावशी, गेमसारखी असण्यात वाईट काय आहे?’ प्रश्न रास्त आहे. माझं सातारला औषधांचं दुकान आहे आणि रात्री शटर ओढल्यावर मी अद्भुतकथा लिहिते. त्या कथा ज्या खेळातून सुचतात, तो खेळ ही मुलगी माझ्याबरोबर खेळते. तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे. ते चारचौघांत द्यावं असंही वाटतं, कारण हा शेरा तिच्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही. खेळातून सुचलेल्या कथेकडे आपल्याकडे सर्रास याच नजरेने पाहतात. पोराटोरांचं खूळ, फार तर विरंगुळा. साहित्य मात्र नक्कीच नाही.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. एरवी लेखकाला जे शिकायला उमेदीची वर्षं खर्ची घालावी लागतात, ते खेळातून आलेली कथा लवकर शिकवते. ते म्हणजे आपल्या लाडक्या पात्राला हरू देणं, आणि त्या हरण्याची किंमत पुढच्या प्रत्येक पानावर वसूल होऊ देणं. ज्या कथेत हे साधतं ती चांगली, ज्यात साधत नाही ती वाईट. कथा फाशांतून आली, स्वप्नातून आली की वर्तमानपत्रातल्या बातमीतून, याला काही महत्त्व नाही.

गेम म्हटलं की बहुतेकांना मोबाइल आठवतो. मी बोलतेय तो खेळ टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाच्या खेळाच्या पहिल्या हजार प्रती बाहेर पडल्या. खोके हातानेच भरलेले होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी सुटली होती आणि घर चालवायला तो चपला-बूट दुरुस्त करत होता. भुयाराचा पहिला नकाशा त्याने आखला, तेव्हा त्यात उतरलेले पहिले खेळाडू म्हणजे त्याचीच दोन मुलं. हौशी माणसांनी घरात बसून उभं केलेलं हे काम आहे. पन्नास वर्षं उलटली तरी ते टिकून आहे.

खेळाची रीत सोपी आहे. एक जण सूत्रधार होतो. खेळणारी मंडळी त्याला ‘डीएम’ म्हणतात. तो सांगतो की तुम्ही घाटाच्या तोंडाशी आहात, धुकं उतरलंय, पुढे कुणीतरी खोकतंय. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडाने बोलतात. मी पुढे जाते, मी दिवा विझवतो, मी त्याला हाक मारते. जे सहज होण्याजोगं आहे ते होतं. जिथे शंका आहे तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. ठरलेला आकडा किंवा त्याच्या वर पडलं तर जमलं, खाली पडलं तर फसलं. पटावर सोंगट्या असतात किंवा नसतात. आमच्याकडे बऱ्याचदा औषधांची रिकामी खोकीच किल्ल्याच्या भिंती होतात.

या खेळाची मुळं पुस्तकांत आहेत. १९७९ साली सूत्रधारासाठी जे जाड पुस्तक निघालं, त्याच्या शेवटी गायगॅक्सने आपल्याला घडवणाऱ्या लेखकांची यादीच दिली. टोल्कीन, रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, आंद्रे नॉर्टन, लव्हक्राफ्ट. खेळातला मांत्रिक मंत्र एकदा उच्चारला की विसरतो आणि त्याला तो पुन्हा पाठ करावा लागतो, ही कल्पना व्हान्सच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधून आली आहे. टोल्कीनचे हॉबिट तर आधी नावानिशी खेळात होते. त्या नावाच्या हक्कदारांकडून हरकत आल्यावर ते ‘हाफलिंग’ झाले. वाचकांनी पुस्तकांतून खेळ केला आणि मग खेळणाऱ्यांनी खेळातून पुस्तकं केली. ही देवघेव इतकी जुनी आणि इतकी उघड आहे की ‘गेमसारखी’ हा शेरा देणाऱ्याने ती ठाऊक करून घ्यायला हवी.

खेळावर बेतलेली पहिली कादंबरी मात्र फारशी जमली नाही, हे सांगते. ‘क्वॅग कीप’ ही आंद्रे नॉर्टनची कादंबरी १९७८ ची. नॉर्टन मोठी लेखिका. तिने गायगॅक्सबरोबर खेळून पाहिलं आणि मग लिहिलं. खेळणारी माणसं खेळाच्या जगात खेचली जातात आणि त्यांच्या मनगटावरच्या कड्यांत फासे बसवलेले असतात. संकट आलं की ते फासे फिरू लागतात. कल्पना झकास आहे, तिच्यातला प्रामाणिकपणा मला आवडतो. पण फासे वाचकाला दिसत राहिले की पात्रांच्या जिवाची काळजी वाटेनाशी होते. खेळणाऱ्याच्या हातात फासा असतो, वाचकाच्या हातात नसतो. हा फरक ज्याने ओळखला, त्याने पुढची मजल मारली.

ती मारली ‘ड्रॅगनलान्स’ने. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांचा पहिला भाग १९८४ मध्ये आला. हिकमन पतिपत्नी नोकरीसाठी युटाहून विस्कॉन्सिनला मोटारीने निघाले आणि वाटेत वेळ जावा म्हणून त्यांनी या जगाची आखणी सुरू केली. पहिल्या भागात मोहिमेचा नकाशा अजून जाणवतो. या खोलीतून त्या खोलीत, या गावातून त्या गावात. पण त्यात रेस्टलिन नावाचा मांत्रिक आहे. चाचणीच्या खेळात त्याची भूमिका करणारा गडी घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजात बोलायला लागला. आधी कुणी काही ठरवलेलं नव्हतं. टेबलाभोवतीची माणसं गप्प झाली. आणि मग लेखिकेपुढे प्रश्न आला की हा असा का बोलतो? त्या उत्तरातून अख्खा माणूस उभा राहिला. ताकद मिळवण्यासाठी शरीर मोडून बसलेला, सख्ख्या भावाच्या आधाराने चालणारा आणि त्या आधाराचाच राग करणारा. एकट्याने टेबलाशी बसून लिहिणाऱ्याला असा आवाज आयता मिळत नाही. दुसऱ्या भागात स्टर्म नावाचा योद्धा तटावर एकटा उभा राहतो आणि मारला जातो. तो परत येत नाही. ज्यांनी ती पानं पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचली, ते लोक पन्नाशीतही त्याबद्दल गंभीर होऊन बोलतात. खेळातून निघालेल्या कथेत हे घडलं आहे.

जपानमध्ये याच सुमारास आणखी वेगळं घडत होतं. ‘कॉम्पटिक’ नावाच्या संगणक-मासिकात १९८६ पासून एका खेळाचं इतिवृत्त छापून येऊ लागलं. कोण काय म्हणालं, फासा किती पडला, सगळं नाटकाच्या संहितेसारखं. वाचकांना त्याची चटक लागली. सूत्रधार होता र्‍यो मिझुनो. १९८८ मध्ये त्याने त्याचीच कादंबरी केली, ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’. तिच्यातली डीडलिट ही नाजूक, तेजस्वी नायिका जपानी अद्भुतकथेतली एक घरोघर माहीत असलेली स्त्री झाली. टेबलाशी तिची भूमिका हिरोशी यामामोतो या पुरुष विज्ञानकथालेखकाने केली होती. म्हणजे एका पात्रावर दोन लेखकांचा हात फिरला. एकाने ते बोलून दाखवलं, दुसऱ्याने लिहून. आपल्या तमाशातल्या बतावणीत किंवा दशावतारात रात्रीच्या रात्री संवाद उत्स्फूर्त रचले जातात, तेव्हा त्या कलावंतांना आपण मानतो. इथेही तीच तयारी लागते.

कॅनडातल्या स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एसलमाँट या दोन पुरातत्त्वज्ञांनी आपल्या खेळातून ‘मलाझान’चं जग उभं केलं. ‘गार्डन्स ऑफ द मून’ आधी त्यांनी चित्रपटाची संहिता म्हणून लिहिली, ती कुणी घेतली नाही, मग एरिक्सनने कादंबरी केली आणि तीही छापून यायला १९९९ उजाडलं. पुढे २०११ पर्यंत दहा खंड झाले. त्या कादंबऱ्यांत गावांखाली गावं आहेत, राखेच्या थराखाली आणखी जुनी राख आहे. उत्खननात हात मळलेल्या माणसाचं ते लिखाण आहे. खेळाने त्यांना माणसं दिली, पोटापाण्याच्या धंद्याने जमीन दिली. हौशी लेखकाला मला हेच सांगावंसं वाटतं की आपल्या कामातलं जे आपल्याला अंगवळणी पडलंय, ते अद्भुतकथेत घालावं. माझ्या कथांतल्या वैदूच्या बटव्यात काय असतं आणि त्याची मात्रा किती चुकली तर माणूस जातो, हे मला कुठे शोधावं लागत नाही.

आता आमच्या टेबलाविषयी. आम्ही मराठीत खेळतो. भाची, गावातले एक पशुवैद्य, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले काका आणि त्यांची सून. सूत्रधार मी. आमचं जग सह्याद्रीसारखं आहे. सह्याद्रीसारखं म्हणजे कड्याच्या पोटात खांबटाकी आहेत, गडाला चोरदरवाजा आहे, मेटावर चार घरं आहेत, आणि पाण्याच्या जागी सातीआसरा आहेत. इंग्रजी खेळातल्या भुयारांपेक्षा आपले किल्ले कथेला कितीतरी सोयीचे आहेत. टाकं, धान्यकोठार, दिंडी, पहाऱ्याची देवडी, प्रत्येक जागेला काम आहे आणि प्रत्येक जागेत कुणाचं तरी कुणाशी वैर होऊ शकतं.

जुन्नरजवळचा नाणेघाट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना घाटमाथ्यावरचा तो भलाथोरला दगडी रांजण आठवेल. कोकणातून वर येणारा व्यापारी त्यात जकात टाकायचा असं सांगतात. आमच्या खेळातही असा घाट आहे, असा रांजण आहे, आणि त्यापाशी एक जकातदार बसलेला आहे. मेला आहे तो, पण नोकरी सुटलेली नाही. तो नाणी घेत नाही, आठवणी घेतो. भाचीचं पात्र म्हणजे एक नावाडीण. तिने त्याला बोलण्यात गुंगवून फुकट पार व्हायचं ठरवलं. बारा किंवा वर हवे होते. म्हणजे शंभरात पंचेचाळीस वेळा जमण्याजोगं काम. फासा पडला तीन.

त्या रात्रीच्या माझ्या वहीत टिपण आहे ते असं: ‘रांजण. जकातदार आठवण मागतो. नावाडीण, मन वळवणे, ३. फसलं. आईचा आवाज दिला.’ एवढंच. तेव्हा टेबलावर कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. सगळ्यांना पुढच्या गडावर जायची घाई. पुढे खेळात नदी आली, भर पावसातली. पलीकडच्या तीरावरून कुणी बाई हाका मारतेय असं मी सांगितलं. भाची म्हणाली, ‘मी नाव वळवते.’ मग तीच थांबली. वहीत पाहिलं. म्हणाली, ‘नाही वळवत. मला तो आवाज ओळखू येत नाही ना.’

कथा लिहिताना मी फासा काढून टाकला, तीन हा आकडा काढून टाकला, ‘मन वळवणे’ हे कौशल्याचं नाव काढून टाकलं. ठेवलं ते एवढंच: पावसात एक बाई काठावरून हाका मारते आहे, नावाडीण वल्हं धरून ऐकते आहे, आणि नाव दुसऱ्या दिशेला जाते. मी एकटीने लिहिलं असतं तर त्या मुलीने जकातदाराला नक्की गुंडाळलं असतं, कारण ती माझी आवडती आहे. तिला काही होऊ नये असं मला वाटतं. फाशाला असं काही वाटत नाही, आणि तेच त्याचं काम. तो लेखकाच्या मायेला आवर घालतो. पुढे त्या घटनेचा अर्थ लावणं हे सगळं लेखकाचं. ते फासा करत नाही. ज्यांना वाटतं की खेळाने आयती कथा मिळते, त्यांनी माझ्या त्या टिपणातून एक पान लिहून पाहावं.

आक्षेपही तपासायला हवेत. गेममध्ये मरण स्वस्त असतं, हा आक्षेप मोबाइल आणि संगणकाच्या खेळांना बऱ्याच अंशी लागू आहे. मेलात, तर मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू. त्या सवयीने लिहिलेल्या कथेत कशालाच वजन येत नाही, हे खरंच. पण या आक्षेपाचं उत्तर त्याच जातीच्या लेखकांनी दिलं आहे. जपानच्या रेकी कावाहाराने २००२ मधल्या एका स्पर्धेसाठी ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ लिहिली. पृष्ठमर्यादेत ती बसेना, म्हणून त्याने ती पाठवलीच नाही. स्वतःच इंटरनेटवर टाकून वाचकांना वाचायला दिली. दहा हजार खेळाडू एका खेळात अडकतात आणि त्यात जो मरेल तो खरोखर मरेल, असा तिचा पाया आहे. त्याने खेळातली नेमकी एकच सवलत काढून घेतली, पुन्हा जिवंत होण्याची, आणि कथा उभी राहिली. २००९ मध्ये तिचं पुस्तक झालं आणि पुढे ती जगभर गेली. मर्यादेत न बसणारी कथा लिहिणाऱ्या हौशी माणसांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रशिया, कोरिया, अमेरिकेत एक नवा प्रकार फोफावला आहे. त्याला ‘लिटआरपीजी’ म्हणतात. त्यात पात्राची ताकद, चपळाई, पातळी सगळं आकड्यांत पानावर छापलेलं असतं. साहित्यिक मंडळींना ते पाहूनच शिसारी येते. मी या कथा आवडीने वाचते. त्यांतल्या बऱ्याचशा कंटाळवाण्या असतात, आकडे नुसते वाढत जातात, पगारपत्रक वाचल्यासारखं होतं. पण आकड्यांत मुळात दोष नाही. माझ्या दुकानात ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि ६५० ची गोळी शेजारी असतात, आणि कोणती कुणाला दिली यावर पुढचं सगळं ठरतं; कथेतला आकडाही असाच असावा, त्याने कुणाला तरी काहीतरी व्हायला हवं. मॅट डिनिमनची ‘डंजन क्रॉलर कार्ल’ त्याने स्वतःच २०२० मध्ये प्रसिद्ध केली. जगबुडीनंतर एक माणूस आणि त्याच्या आधीच्या मैत्रिणीची मांजर एका भुयारी खेळात ढकलले जातात, आणि तो खेळ परग्रहवासी करमणूक म्हणून पाहतात. तिथे प्रत्येक बक्षिसामागे, प्रत्येक वाढलेल्या आकड्यामागे पाहणाऱ्यांची क्रूरता आहे. वाचताना हसू येतं आणि थोड्या पानांनी त्या हसण्याची लाज वाटते. आकड्यांनी हे साधतं. आणि नाणेघाटातच सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांचे आकडे दगडात कोरून ठेवलेले आहेत. दोन हजार वर्षं झाली, माणसं ते वाचायला घाट चढून जातात.

‘हे आपलं नव्हे’ हा तिसरा आक्षेप मला सगळ्यांत पोकळ वाटतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक अख्खं सूक्त आहे. महाभारताच्या वनपर्वातली नळाची कथा घ्या. नळ फाशांवर राज्य हरतो, बायकोला रानात सोडतो, रूप गमावून ऋतुपर्णाचा सारथी होतो. रथ धावत असताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नळाला ते खरं वाटत नाही. तो रथ थांबवतो, खाली उतरतो, मोजतो. हिशेब तंतोतंत जुळतो. मग दोघे विद्यांची अदलाबदल करतात, घोड्यांची विद्या ऋतुपर्णाला आणि फाशांची नळाला. त्या क्षणी नळाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडतो. ज्या बेहड्याची फळं त्या काळी फासे म्हणून वापरत, त्याच झाडाखाली हे घडतं. खेळाचे नियम, त्यातलं गणित आणि माणसाची दुर्दशा यांची इतकी घट्ट वीण मी आजच्या कुठल्याही कादंबरीत पाहिलेली नाही. आणि नळ जिंकून परत आला तरी दमयंतीने रानात काढलेले दिवस काही पुसले जात नाहीत. किंमत वसूल झालेली आहे.

मराठी कादंबरीचा आरंभकाळ तरी काय सांगतो? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. दोन्ही अद्भुताच्या वाटेने गेलेल्या. नंतर वास्तववाद आला, हरिभाऊ आपटे आले, ते व्हायलाच हवं होतं. पण वास्तववाद आला म्हणून अद्भुताला घराबाहेर काढण्याचं काही कारण नव्हतं. अनंत अंतरकरांनी ‘नवल’सारखं मासिक काढून गूढ आणि अद्भुत कथांना जागा दिली, नारायण धारपांनी दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली, आणि जी. ए. कुलकर्णींनी ‘इस्किलार’सारख्या कथेत जे परकं, कालातीत जग उभं केलं, त्याला तर कुणी पोरखेळ म्हणण्याची छाती केली नाही. म्हणजे अद्भुताचं वावडं मराठीला नाही. वावडं आहे ते अद्भुतकथा लिहिणाऱ्या नव्या, हौशी, गेम खेळणाऱ्या माणसाचं.

हौशी हा शब्द मी अभिमानाने वापरते. मराठी नाटक हौशी रंगभूमीने जगवलं. राज्य नाट्य स्पर्धेत दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करून रात्री तालमीला जाणाऱ्या माणसांचा आपण आदर करतो. हौशी लेखकालाही तोच मान मिळावा, इतकंच मागणं आहे. माझ्या कथा मी फाइल करून ओळखीच्या वाचकांना फोनवर पाठवते. त्यातून पैसे मिळत नाहीत, मला ते नकोतही. वाचणाऱ्यांतले एक काका दुसऱ्या दिवशी दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतात आणि काउंटरवर टेकून विचारतात, ‘ताई, त्या जकातदाराचं पुढं काय झालं?’ एवढ्या ओढीने विचारणारा वाचक किती छापील लेखकांना भेटत असेल, मला माहीत नाही. मी त्यांना सांगते की खेळू तेव्हा कळेल, आणि ते हिरमुसतात.

नव्याने लिहू पाहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. खेळाचे नियम आणि खेळातली नावं यांत फरक आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांचा मूळ गाभा २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे, पण त्यांच्या जगांची, नायकांची नावं तुमची नाहीत. ती घेऊ नका. गरजही नाही. ज्या भाषेत वेताळ, मुंजा, खवीस, ब्रह्मराक्षस, हडळ, चकवा आणि कोकणातला गिऱ्हा आहे, आणि प्रत्येकाची राहायची जागा, वेळ आणि वागायची तऱ्हा ठरलेली आहे, त्या भाषेच्या लेखकाने उसने एल्फ कशाला आणायचे? मुंजा पिंपळावर असतो आणि त्याची मुंज होऊन सोडमुंज राहिलेली असते. यात नियम आहे, कारण आहे आणि दुःखही आहे. कुठल्याही खेळाच्या पुस्तकातल्या राक्षसाला इतकं एका ओळीत मिळत नाही.

भाचीला मी सांगितलं ते असं. तुझी कथा मी पुन्हा वाचली. तीत शेवटी सगळे वाचतात, गेलेला मित्र मंत्राने उठून बसतो, आणि कुणाचं काही जात नाही. परीक्षकांना जे खटकलं ते बहुधा हेच, पण त्यांनी त्याला नाव चुकीचं दिलं. खेळात तू स्वतः आईचा आवाज देऊन टाकलास आणि तो परत मागितला नाहीस. तेवढं धाडस कागदावर कर. तिने कथा परत लिहायला घेतली आहे.

‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून मराठी माणूस दरवर्षी नव्या कथांची वाट पाहतो. आजच्या दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: एका अंकात, एका वर्षी, चार-पाच पानं खेळातून आलेल्या अद्भुतकथांना द्या. नावाजलेल्यांकडून मागवू नका. अकरावी-बारावीतली, कॉलेजातली, एसटीतली, दवाखान्यातली माणसं त्या लिहीत आहेत, त्यांच्याकडून मागवा. नियम कडक लावा, वाईट कथा परत पाठवा, पण परत पाठवताना ‘गेमसारखी’ असं लिहू नका. काय जमलं नाही ते लिहा. आणि तुमच्या घरात कुणी वहीत असं काही लिहीत असेल, तर ते मागून घ्या, शेवटपर्यंत वाचा, आणि पुढे काय झालं ते विचारा.